व्हायोला हाती आल्यावर: माप, घोडी, तारा, सूर आणि गोव्याचा पावसाळा

गोव्यात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं आणि खालच्या सुरांचं वाद्य, बहुतेकदा व्हायोलिनवाल्याच्याच हाती येतो. क्वायरमध्ये किंवा छोट्या वाद्यवृंदात चार व्हायोलिनं जमलेली असतात, मधला आवाज धरायला कुणी नसतं, मग त्यांतल्याच एकाला सांगितलं जातं, तू व्हायोला घे. तो घेतो, व्हायोलिनसारखाच खांद्यावर ठेवतो आणि तिथून तक्रारी सुरू होतात. सी तार, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, घोगरी वाजते. चौथं बोट सुरापर्यंत पोचत नाही. आठवड्याभरात मनगट दुखायला लागतं आणि जून उजाडला की तारा ताणायच्या खुंट्या जागच्या हलत नाहीत.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ क्रमात असतं. माप न बघता तारा घेतल्या जातात, घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) न बघता सूर लावला जातो, आणि गज (तारांवर ओढायची केसांची काठी) कसा टाकायचा हे कळण्याआधीच वाद्याला नावं ठेवली जातात. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

आधी एवढं जवळ ठेवा: मापाचा फिता, मिलिमीटरची पट्टी, मऊ शिशाची पेन्सिल (२बी चालेल), दोन सुती फडकी, मोबाइलवरचा ट्यूनर, आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. शेवटची वस्तू चैनीची वाटेल, पण पावसाळ्यात तीच सगळ्यात जास्त कामाला येते.

## १. माप घ्या

व्हायोलिनला 'फुल साइझ' असते, व्हायोलाला तसं एकच माप नसतं. पूर्ण मापाच्या व्हायोलिनची पाठ सुमारे १४ इंच भरते. मोठ्यांचे व्हायोला साधारण १५ ते १७ इंचांचे, आणि बाजारात दिसतात ते बहुतेक साडेपंधरा ते साडेसोळा इंचांमधले. व्हायोलिनच्या प्रमाणात पेटी, म्हणजे वाद्याचं पोकळ अंग, मोठी करायची म्हटली तर ती २१ इंच व्हावी लागेल, आणि एवढं वाद्य खांद्यावर पेलणार नाही. म्हणून प्रत्येक व्हायोला ही आवाज आणि हात यांच्यातली तडजोड असते. ती तडजोड तुमच्या हाताच्या बाजूने करा. दुखणाऱ्या हाताने मोठ्या पेटीतूनही चांगला आवाज निघत नाही.

माप पाठीवरून घ्यायचं. मानेच्या बुंध्याशी पाठीच्या फळीचं एक छोटं अर्धगोल टोक वर आलेलं असतं, ते सोडून द्या आणि त्याच्या खालच्या कडेपासून पेटीच्या तळापर्यंत मोजा. चिनरेस्ट (हनुवटी टेकवायचा तुकडा), मान, वरचा वळसा हे काहीही या मापात धरायचं नाही.

मग हात तपासा. वाद्य खांद्यावर घेऊन डावा हात पूर्ण लांब करा. वरचा वळसा तळहातात यायला हवा, बोटं त्याच्याभोवती वळायला हवीत, आणि तरीही कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. बोटांची टोकंच कशीबशी टेकत असतील तर अर्धा ते एक इंच लहान वाद्य बघा.

मुलांसाठी १२ इंची व्हायोला अर्ध्या व्हायोलिनएवढा, १३ इंची पाऊण व्हायोलिनएवढा आणि १४ इंची पूर्ण व्हायोलिनएवढा असतो.

तपासा: सी तारेवर चौथं बोट टेकवलं की जी हा सूर येतो, म्हणजे शेजारची मोकळी तार. ते बोट मनगट न मोडता अर्धा मिनिट तिथे ठेवता येतंय का बघा. येत नसेल तर हे माप तुमचं नाही.

इशारा: जुना व्हायोला घेताना फिता खिशात असू द्या. व्हायोलिनलाच व्हायोलाच्या तारा चढवून ते व्हायोला म्हणून विकलं जातं. पाठ १४ इंच भरली आणि सी तार पेटीतल्या पेटीत गुदमरल्यासारखी वाजली, तर काय समजायचं ते समजा.

## २. घोडी बघा, मगच खुंटीला हात लावा

घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच ती उभी असते. बसमधून आलेल्या किंवा वर्षभर कपाटात पडलेल्या वाद्यात ती सरकलेली असण्याचीच शक्यता जास्त.

एफ आकाराच्या दोन्ही फटींच्या आतल्या कडेला एकेक बारीक खाच असते. दोन्ही बाजूंच्या या खाचा जोडणारी रेघ मनात ओढा. घोडीचे पाय त्या रेघेवर हवेत. घोडीची उंच बाजू सी तारेखाली आणि उतरती बाजू ए तारेखाली असते. ती उलटी बसवलेली वाद्यं पुष्कळदा दिसतात. आता वाद्य बाजूने बघा. टेलपीसच्या (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) दिशेचा घोडीचा सपाट चेहरा पेटीशी काटकोनात हवा.

तारांची उंचीही मोजा. बोटांची पट्टी जिथे संपते, तिथे पट्टी आणि तार यांच्यातलं अंतर ए तारेखाली सुमारे ४ मिमी आणि सी तारेखाली सुमारे ६ मिमी असावं. दोन-तीन मिलिमीटर जास्त असेल तर डाव्या हाताचं दुखणं तिथूनच सुरू होतं. पण घोडी घरी कानशीने घासायला जाऊ नका. वरची गोलाई बिघडली की एक तार वाजवताना गज दुसरीलाही लागतो, आणि नवी घोडी कापून घ्यावी लागते.

शेवटी ए तारेच्या बाजूच्या फटीतून टॉर्च मारून आत बघा. घोडीच्या त्या पायाच्या थोडं मागे एक उभी काडी दिसेल, तो साउंडपोस्ट. तो पडलेला असेल, आत खुळखुळत असेल, तर सगळ्या तारा सैल करा आणि वाद्य कारागिराकडे न्या. साउंडपोस्ट नसताना तारा ताणल्या तर वरची फळी खचते.

## ३. तारा बदला, एका वेळी एकच

चारही तारा एकदम काढल्या की घोडी पडते आणि तिच्यामागे बहुधा साउंडपोस्टही. ही चूक सर्रास होते, विशेषतः 'आता स्वच्छच पुसून घेतो' म्हणणाऱ्यांकडून.

संच घेताना पाकिटावरची लांबी बघा. व्हायोलाच्या तारा शॉर्ट, मीडियम, लाँग अशा मिळतात आणि वेगवेगळे उत्पादक या शब्दांना वेगवेगळी इंची मापं लावतात. म्हणून तुमच्या पेटीचं माप पाकिटावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. व्हायोलिनचा संच नको. ए, डी, जी ही नावं तीच असली तरी त्या तारा आखूड आणि बारीक असतात, शिवाय त्यात सी नसतेच.

स्टीलच्या तारा लवकर स्थिरावतात, स्वस्त असतात आणि दमट हवेत सूर कमी सोडतात. सिंथेटिक गाभ्याच्या, उदाहरणार्थ डॉमिनंट किंवा टोनिका, जास्त गोल बोलतात, पण पहिले तीन-चार दिवस उतरतच राहतात. नवशिक्याने काय घ्यावं? गोव्याच्या हवेत पहिला संच स्टीलचाच घ्यावा. त्यात हेलिकोअर चांगला चालतो.

आता क्रम:

१) जुनी तार सैल करून काढा. नटमधल्या (बोटांच्या पट्टीच्या वरच्या टोकाच्या आडव्या तुकड्यातल्या) आणि घोडीवरच्या रिकाम्या खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. तार तिथे अडकली नाही तर तुटत नाही आणि घोडीला ओढतही नाही.

२) खुंटी बाहेर काढून बघा. लाकडावर दोन चमकदार पट्टे दिसतील, खुंटीपेटीच्या दोन भिंतींशी ती तिथे घासते. खुंटी अडकत असेल तर या पट्ट्यांवर खुंटीची पेस्ट अगदी थोडी लावा. घसरत असेल तर फळ्यावरचा साधा खडू. तेल, व्हॅसलिन, मेण काही नको.

३) तारेचं टोक खुंटीच्या भोकात घाला, ते दुसऱ्या बाजूने थोडंसंच बाहेर येऊ द्या, आणि तार खुंटीच्या वरून येईल अशी फिरवायला लागा. वेढे एकाशेजारी एक, खुंटीच्या मुठीकडे सरकत गेले पाहिजेत. शेवटचा वेढा भिंतीला जेमतेम टेकावा. भिंतीत घुसला तर खुंटी जाम होते, दूर राहिला तर घसरते.

४) दुसरं टोक टेलपीसमध्ये अडकवा, तार खाचांत बसवा आणि अर्धवट ताणा. पूर्ण सुरात आत्ताच आणू नका.

समोरून बघताना डावीकडची खालची खुंटी सीची, डावीकडची वरची जीची, उजवीकडची वरची डीची आणि उजवीकडची खालची एची. हे उलटसुलट झालं तर तारा खुंटीपेटीत एकमेकींवर घासतात.

तपासा: प्रत्येक तारेनंतर घोडी बाजूने बघा. ताण वाढतो तसं तिचं डोकं पट्टीकडे झुकतं. वाद्य मांडीवर ठेवा, दोन्ही हातांची बोटं घोडीच्या दोन्ही बाजूंना लावा आणि डोकं केसाएवढं मागे घ्या. झुकलेली घोडी तशीच ठेवली तर कायमची वाकते.

## ४. सूर लावा

तारा खालून वर सी, जी, डी, ए. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन आणि पांढरी सहा. मोकळी सी मधल्या सीच्या एक सप्तक खाली असते. ट्यूनरवर आकडे दिसत असतील तर ए ४४०, डी २९३.७, जी १९६ आणि सी १३०.८ हर्ट्झ. हार्मोनियमशी जुळवणार असाल तर त्याची पांढरी सहा आधी ट्यूनरवर बघून घ्या. जुने हार्मोनियम ४४० ला असतीलच असं नाही.

आधी ए लावा. मग गजाने ए आणि डी एकत्र, मंद आणि सारख्या दाबाने वाजवा. सूर जुळत आला की आवाजातली लाट संथ होत जाते आणि शेवटी थांबते. तशीच डी-जी, मग जी-सी.

इथे एक गोम आहे. कानाने लावलेले षड्ज-पंचम शुद्ध असतात, आणि ट्यूनरवरचं अंतर त्यापेक्षा किंचित लहान. एपासून तीन शुद्ध पंचम खाली उतरलात की सी १३०.८ ऐवजी १३०.४ वर येते, म्हणजे सुमारे ६ सेंट उतरते (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). एकटे वाजवत असाल तर बिघडत नाही. चर्चमधल्या ऑर्गनबरोबर किंवा कीबोर्डबरोबर वाजवताना मात्र सी तार त्यांच्या सीशी जुळवून घ्या, नाहीतर लांब धरलेल्या सुरात ती उतरलेली ऐकू येते.

खुंटी फिरवायची पद्धत: आधी सूर थोडा उतरवा, मग खुंटी आत दाबत दाबत वर न्या. नुसती फिरवली तर हात सोडताच ती परत फिरते. फाइन ट्यूनरचा, म्हणजे टेलपीसवरच्या बारीक सूर लावायच्या साधनाचा, स्क्रू तळाला टेकला असेल तर तो पूर्ण सैल करून खुंटीने सूर लावा. टोकापर्यंत आवळलेल्या फाइन ट्यूनरची खालची दांडी पेटीचं पॉलिश ओरबाडते.

भजनाला किंवा नाट्यपदाला साथ करणाऱ्यांसाठी एक सोय सांगून ठेवतो. काळी एकला सा-प-सा-प हवं असेल तर सी आणि जी अर्धा सूर चढवा, डी आणि ए अर्धा सूर उतरवा, झालं. पण सीचा ताण तेवढ्याने सुमारे १२ टक्के वाढतो, म्हणून बैठक संपली की तार जागेवर आणा. पांढरी दोनपर्यंत ओढायला जाऊ नका. तिथे तोच ताण २६ टक्क्यांवर जातो.

## ५. गज आणि राळ

व्हायोलाचा गज साधारण ७० ग्रॅमचा असतो, व्हायोलिनचा ६० च्या आसपास. दहा ग्रॅमचा फरक हाताला लगेच कळतो, आणि सी तारेला तर नक्कीच. व्हायोलिनच्या गजाने सुरुवात करता येते, फक्त सी घोगरी वाजली म्हणून वाद्याला दोष देऊ नका.

केस एवढेच ताणा की गजाच्या मध्यावर काठी आणि केस यांच्यात पेन्सिल जेमतेम मावेल. काठी सरळ झाली किंवा बाहेर फुगली तर जास्त झालं. वाजवून झालं की केस दरवेळी सैल करा. दमट हवेत केस लांबतात, एसीत आखडतात. पणजीच्या एसी सभागृहातून ताणलेला गज तसाच वाद्याच्या खोक्यात टाकून घरी आणणं म्हणजे काठी वाकवून घेणं.

व्हायोलासाठी गडद, मऊ राळ घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते थंड देशांतलं. मे महिन्यात मडगावच्या खोलीत ती राळ चिकट होते आणि तारांवर थर धरते. इथे फिकी, कडक राळ घ्या. नव्या केसांना तीस-चाळीस सावकाश हात, नंतर रोज तीन-चार पुरेत. नवी राळ गुळगुळीत असते आणि केसांना लागत नाही, म्हणून बारीक पॉलिश पेपरने एकदा घासून घ्या. केसांना बोट लावायचं नाही. घाम लागला तिथे राळ धरत नाही.

सी तार जाड असल्याने उशिरा बोलते. व्हायोलिनवाला इथे गज भरभर ओढतो आणि नुसता फुसफुस आवाज येतो. करायचं उलट: गज तारेवर टेकवा, हाताचं वजन सोडा, तार पकडल्याची जाणीव होऊ द्या आणि मग हळू ओढा. ए तारेवर गज घोडीच्या जरा जवळ, सीवर जरा पट्टीकडे.

## ६. खांदा आणि डावा हात

शोल्डर रेस्ट (वाद्याखाली खांद्यावर टेकणारा आधार) व्हायोलाच्या मापाचा घ्या. व्हायोलिनचा ताणून बसवला तर वाजवता वाजवता निसटतो आणि वाद्य खाली जातं.

१६ इंची व्हायोलाची घोडी ते नट ही तारेची लांबी सुमारे ३७५ मिमी असते, व्हायोलिनची ३२५. त्यामुळे तिसरं बोट व्हायोलिनवर नटपासून ८१ मिमीवर पडतं आणि इथे ९४ वर. चौथ्याच्या बाबतीत १०८ चे १२५ होतात. हे १७ मिमी बोट ताणून भरून काढायला गेलात तर करंगळीचा सांधा दुखणार. पहिलं बोट जागेवर दाबून धरायची व्हायोलिनची सवय सोडा. वरचं बोट पडताना हात थोडा पुढे सरकू द्या, खालची बोटं सैल सुटू द्या. अंगठा पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या समोर आणा. सी तारेवर जाताना डावं कोपर वाद्याखालून उजवीकडे वळवा. मनगटाने पोचायचा प्रयत्न नको.

इशारा: पहिले दोन आठवडे एका बैठकीत २० मिनिटांपेक्षा जास्त नको. व्हायोलिनवर दोन तास बसणाऱ्यालासुद्धा.

## ७. आल्टो क्लेफ

क्लेफ म्हणजे लिहिलेल्या संगीतात कोणत्या रेघेवर कोणता सूर ते सांगणारी खूण; व्हायोलाची आल्टो. या क्लेफमध्ये पाच रेघांमधली मधली रेघ म्हणजे मधला सी. खालून वर रेघा एफ, ए, सी, ई, जी. एक गंमत लक्षात ठेवा: चारही मोकळ्या तारा रेघेवर नसून जागेत येतात. जी पहिल्या जागेत, डी तिसऱ्या जागेत, ए वरच्या रेघेच्या डोक्यावर, आणि सी खालच्या जोडरेघेच्याही खाली. या चार खुणा पक्क्या झाल्या की उरलेले सूर त्यांच्या आसपास सापडतात.

'व्हायोलिनचं तिसरं पोझिशन समजून वाच' ही युक्ती पुष्कळ जण देतात (पोझिशन म्हणजे पट्टीवरची हाताची जागा). पहिल्या पोझिशनमध्ये ती बरोबर चालते. हात सरकवायची वेळ आली की कोणता सूर वाजवतोय हेच कळत नाही, शार्प-फ्लॅट चुकतात. पहिल्या दिवसापासून सुरांची नावं घेऊन वाचलेलं बरं.

सरावाला वेगळं पुस्तक आणायची गरज नाही. चार आवाजांत लिहिलेल्या कुठल्याही चर्चगीतातला टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, घ्या. तो जवळजवळ पूर्ण व्हायोलाच्या पहिल्या पोझिशनमध्ये बसतो. छापलेला बहुधा बास क्लेफमध्ये असतो, तो स्वतःच्या हाताने आल्टोत उतरवा. दहा गीतं उतरवलीत की क्लेफ डोळ्यांत बसतो. काही छापील प्रतींत टेनर ट्रेबल क्लेफमध्ये, खाली ८ घालून असतो, तो एक सप्तक खालचा धरायचा.

## ८. जून ते सप्टेंबर

वाद्याला ४५ ते ६० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात आपल्या घरात मीटर ८० च्या वर असतं. लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, गजाचे केस लांबतात, वाद्याच्या केसच्या (खोक्याच्या) मखमलीला बुरशी धरते.

वाद्य केसमध्ये बंद ठेवा, सोबत सिलिका जेलची रंग बदलणारी पाकिटं टाका, आणि रंग बदलला की पाकिटावर लिहिल्याप्रमाणे वाळवून घ्या. केस बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवरही ठेवू नका. आठवड्यातून दोनदा वाद्य बाहेर काढून वाजवा. चवथीच्या गडबडीत नेमकं हेच राहून जातं, आणि दहा-बारा दिवसांनी केस उघडली की पांढरी बुरशी दिसते. ती कोरड्या फडक्याने पुसा आणि केस उन्हात सुकवा. फक्त केस, वाद्य नाही.

अडकलेली खुंटी पक्कडीने फिरवू नका, खुंटीपेटीच तडकते. वाद्य एक रात्र एसीच्या किंवा डीह्युमिडिफायरच्या खोलीत, हवेचा झोत थेट येणार नाही असं ठेवा. सकाळी खुंटी बहुधा हलते.

समुद्राजवळ राहत असाल तर वाजवून झाल्यावर तारा आणि बोटांची पट्टी कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय केस बंद करू नका. घाम आणि खारी हवा मिळून तारांना काही महिन्यांतच गंज आणतात. पेटीच्या पॉलिशला सॅनिटायझर, स्पिरिट किंवा खोबरेल लावू नका. स्पिरिटने पॉलिश विरघळतं.

प्रवासात वाद्य बसच्या डिकीत नको, मांडीवर किंवा पायांशी हवं. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी दुपारी बंद गाडीत तासभर ठेवलेल्या वाद्याचा सरस मऊ पडतो.

ऑक्टोबरात हवा सुकायला लागली की पेटीच्या कडेने, बोटाच्या पेराने हळू टकटक करत एक फेरी मारा. जिथे आवाज पोकळ, फाटका येईल तिथे फळी आणि बाजू यांचा जोड सुटलेला आहे. वाजवताना एखाद्याच सुरावर येणारी झणझणही पुष्कळदा त्याचीच. घाबरायचं कारण नाही, पण फेविकॉल आणि फेविक्विक दोन्ही दूर ठेवा. हे जोड मुद्दाम सरसाने लावतात, म्हणजे लाकूड फुगलं-आखडलं की फाटण्याआधी जोड सुटतो, आणि कारागीर तो पुन्हा सरसानेच बसवतो. फेविकॉलचा जोड सुटत नाही, मग त्याच्या शेजारची फळी उभी चिरते.